जेवणानंतरचे चार तास

धोंड्याच्या जेवणाला निघताना मी शर्टाच्या खिशात सहा कॅप्सूल टाकल्या आणि वरून रुमाल ठेवला. सासुरवाडीत कुणाला दिसू नयेत म्हणून. बायकोनं ते पाहिलं. तिनं माझी दवाखान्याची फाईल तिच्या पिशवीत साड्यांच्या घडीखाली सरकवली. आम्ही पाहुणचाराला निघालोय की चोरी करायला, असा प्रश्न बघणाऱ्याला पडला असता.

आमच्याकडे अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो. त्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, त्याला पाटावर बसवायचं आणि पुरण भरून उकडलेले धोंडे वरून तूप सोडून खाऊ घालायचे. शिवाय तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे, वर दिवा. जावई त्या दिवसापुरता देव असतो. देवाला निदान नैवेद्य नुसता दाखवतात आणि मग घरचे खातात. जावयाला ती सोय नाही, त्याला तो खरोखर खावा लागतो.

आणि मला तूप चालत नाही. आवडत नाही असं नाही, जीव टाकतो मी तुपावर. पण मला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस आहे. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो, तो तेल-तूप पचवायचा रस करतो. माझ्या स्वादुपिंडाच्या नळीत खडे झालेत. रस बाहेर जायच्या ऐवजी आतच अडतो आणि तो अवयव स्वतःलाच पचवायला लागतो. डॉक्टरांनी हे मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. चित्र वाळक्या मिरचीसारखं दिसत होतं. एवढीशी मिरची मला सहा वर्षं जमिनीवर लोळवते, हे काही त्या चित्रावरून पटत नव्हतं.

नोकरीचं म्हणाल तर मी दूध शीतकरण केंद्रात आहे, शहराबाहेर पैठण रोडला. गावोगावचे दुधाचे कॅन येतात. नमुना काढायचा, मशीनला लावायचा, फॅटचा आकडा सांगायचा आणि ज्याचा आकडा कमी आलाय त्याच्या शिव्या खायच्या. अख्खा दिवस लोकांच्या दुधातली फॅट मोजायची आणि घरी येऊन बिनतेलाची मुगाची डाळ आणि मऊ भात खायचा, यावर माझे सहकारी भरपूर हसून घेतात. मीही हसतो. हसल्यावर ते पुढचं विचारत नाहीत.

मला झटका जेवल्यावर लगेच येत नाही. साधारण चार तास जातात. लोक घड्याळ बघून जेवतात, मी जेवून घड्याळ बघतो. तिसरा तास सर्वात वाईट, कारण त्यात काहीच होत नसतं. पोटात नुसतं जड वाटलं तरी कान टवकारतात. हे ते आहे का? की साधा गॅस? एखाद्याशी बोलत असतो, हो हो म्हणत असतो, पण आतून मी पोटाच्या दाराला कान लावून बसलेला असतो. बरेचदा काही होत नाही. पण जेव्हा होतं तेव्हा बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली सुरू होतं आणि हळूहळू पाठीपर्यंत जातं. सुतार लाकडात गिरमिट फिरवतो ना, तसं. उताणं झोपता येत नाही, कुशीवर नाही, उभं राहता येत नाही. गुडघे छातीशी घेऊन, कपाळ गुडघ्यावर टेकून बसलं की थोडं सोसवतं. सहा वर्षांत माझी सगळी पुंजी ही एवढी एक बैठक.

दुखण्याहून जास्त मला एका प्रश्नानं छळलंय. सुरुवातीला चार दवाखाने झाले आणि चारही ठिकाणी पहिला प्रश्न तोच. दारू किती घेता? ‘घेता का’ असंही नाही, थेट ‘किती’. मी म्हणायचो, घेत नाही. मग ते मान वर करून माझ्याकडे बघायचे. कधीतरी? लग्नात, मित्रांत? मी म्हणायचो, साहेब, मी चहासुद्धा बिनदुधाचा घेतो. एकदा केसपेपर हातात आला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की पेशंट दारू घेत असल्याचं नाकारतो. ‘घेत नाही’ आणि ‘घेत असल्याचं नाकारतो’ यात किती अंतर आहे ते ज्याच्यावर आळ आलाय त्यालाच कळतं. मी तो कागद टेबलावर आपटला. डॉक्टर म्हणाले, लिहायची पद्धत असते ती, मनावर घेऊ नका. पुढे एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की काहींना दारूचा थेंब न घेताही हे होतं, कारण सापडत नाही. मला बरं वाटलं, पण दोनच दिवस. कारण सापडत नाही हे उत्तर घेऊन माणसानं जायचं कुठं? नातेवाइकांना कारण लागतं.

दुसऱ्या झटक्याच्या वेळची गोष्ट. मी बिछान्यावर गुडघ्यात डोकं घालून बसलेलो, बायको घाम पुसायला वाकली आणि मला जाणवलं की ती माझ्या तोंडाजवळ श्वास आत ओढतेय. वास घेत होती. मी डोळे मिटूनच राहिलो. राग आला नाही असं नाही, चांगलाच आला. पण तिच्या घरचं मला माहीत होतं, म्हणून गिळला.

तिचा थोरला भाऊ दारूनं गेला, आमच्या लग्नाच्या आधी. कन्नडच्या पुढे त्यांचं गाव, बारा-पंधरा एकर शेती, दावणीला म्हशी. भाऊ धडधाकट होता म्हणतात. शेवटची दोन वर्षं त्याचंही पोट असंच दुखायचं. सासरे, त्यांना मी मामा म्हणतो, त्याला घेऊन दवाखाने हिंडायचे आणि तो प्रत्येक वेळी आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, ‘नाय घेतली.’ म्हणून त्या घरात या दोन शब्दांना कवडीची किंमत उरलेली नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी शेती विचारली नाही, पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, ‘घेता का?’ मी नाही म्हणालो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग पोहे पुढे सरकवले.

पोरगा गेल्यावर त्यांनी ठरवलं होतं की पिणारा माणूस आपल्या उंबऱ्याच्या आत जेवणार नाही. हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या लग्नाच्या पुढच्याच वर्षी त्यांनी सख्ख्या पुतण्याला भरल्या ताटावरून उठवलं. त्याच्याबरोबर त्याची बायकोही उठली आणि ते दोघं पुन्हा त्या घरात आले नाहीत. बायकोनं ते डोळ्यांनी बघितलेलं. माझ्या आजाराचं नाव कळलं तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते हे, ‘आबांना सांगायचं नाही.’ आबा म्हणजे तिचे वडील, माझे मामा. त्यांना फक्त एवढं कळेल की पोराचं जे दुखत होतं तेच जावयाचं दुखतंय. मग तिचं माहेर संपलं. म्हणून आम्ही पित्त सांगितलं. पित्ताला कुणी नाव ठेवत नाही.

पण तुपाचं काय करणार? भावाला शेवटी तूप नको झालं होतं, गोड नको झालं होतं. ताट पुढे आलं की सरकवायचा. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, अजूनही सांगतात, ‘तूप नको म्हनाया लागला तव्हाच माह्या मनात पाल चुकचुकली.’ तेव्हापासून तूप नको म्हणणारा माणूस त्या घरात संशयित. आणि मामांच्या म्हशीचं तूप म्हणजे त्यांचा अभिमान. आठला फॅट येते तिच्या दुधाला. मला ते दर वेळी फोनवर आकडा सांगायचे, मी त्या खात्यातला म्हणून. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी हाती तुपाची बरणी यायची. आम्ही ते शेजाऱ्यांना द्यायचो आणि बरणी घासून परत पाठवायचो. बरणी इतक्या लवकर रिकामी होते म्हणून ते पुढच्या खेपेला मोठी बरणी पाठवायचे. जावयाला आपलं तूप लई आवडतं, असं ते गावात सांगत फिरायचे.

तर असा मी पाटावर बसलो. मामांनी माझे पाय धुतले. सत्तरीचा माणूस गुडघे टेकून, पंच्यानं माझी बोटं एकेक करून पुसत होता आणि मी खिशातल्या कॅप्सूलवर हात ठेवून बसलो होतो. लाज वाटली. पाय मागे घ्यावेसे वाटले. पण ते धरून ठेवल्यासारखे धरले होते.

मामींनी पहिला धोंडा फोडून ताटात ठेवला. मामांनी तांब्या तिरपा केला. कणीदार तूप, वास असा की पोट आधी हसलं आणि मग घाबरलं. धोंडा बुडाला, तूप ताटात पसरलं. मी म्हणालो, ‘बस, मामा.’

त्यांचा हात थांबला. तांब्या तसाच तिरपा, धार तुटलेली. त्यांनी मामींकडे बघितलं. मामी वाढता वाढता थांबल्या होत्या. दोघं एकमेकांकडे जे बघत होते त्यात मी नव्हतोच, त्यात त्यांचा पोरगा होता. बायको चुलीशी पाठमोरी उभी होती, तिची पाठसुद्धा ताठ झाली. एवढं सगळं दोन क्षणांत झालं.

‘बस म्हणजे,’ मी म्हणालो, ‘आधी हा संपवतो, मग दुसऱ्यावर घाला की.’

मामा हसले. हात परत सुटला. मी चार धोंडे खाल्ले आणि दोन अनारसे. दर घासाला माझ्या डोळ्यांपुढे मशीनचा आकडा फिरत होता, कारण दूध मोजायची सवय तुपालाही सोडत नाही. मी वेडेपणा करतोय हे मला पुरतं कळत होतं. दारू पीत नाही हे सिद्ध करायला मी तेच खात होतो जे माझ्यासाठी दारूइतकंच वाईट. हात धुवायला म्हणून न्हाणीत गेलो आणि सहाच्या सहा कॅप्सूल गिळल्या. स्वादुपिंडाच्या रसाऐवजी घ्यायच्या त्या कॅप्सूल रोजच्या डाळ-भाताला पुरतात. तिथे त्यांचं काय चालणार होतं? बाहेर येऊन घड्याळ बघितलं. बारा वाजले होते.

दोन वाजता मामा म्हशींबद्दल बोलत होते. मी हो हो म्हणत होतो. तीन वाजता मामींनी नवा टॉवेल-टोपी आणि शर्ट-पँटचं कापड पुढे केलं, मी पाया पडलो आणि वाकून उठताना काही टोचतंय का ते बघितलं. नाही टोचलं. साडेतीनला मला वाटायला लागलं की सुटलो. बायकोनं लांबून भुवया उडवून विचारलं, मी मानेनंच ठीक म्हणालो. तिचा चेहरा इतका हलका झाला की तिला नंतर पुन्हा खरं सांगायचं म्हणजे शिक्षा होती. सव्वाचारला ते सुरू झालं.

मी लघवीला म्हणून उठलो आणि गोठ्याकडे गेलो. तिथे कुणी नव्हतं. गव्हाणीच्या कडेला, भिंतीला खेटून खाली बसलो, गुडघे वर घेतले, कपाळ टेकलं. दहा मिनिटं मी स्वतःला सांगत राहिलो की हे जाईल. शर्ट घामानं चिकटला. एकदा उलटी झाली, सगळं तूप. म्हैस मान वळवून माझ्याकडे बघत होती. तिचं तूप मी तिच्याच पुढ्यात टाकलं, याचं मला त्या अवस्थेतही वाईट वाटलं.

पावलं वाजली. मामा पेंडीची बादली घेऊन आले होते. मला बघून दारातच थबकले. मी डोकं वर केलं नाही, पण बादली जमिनीवर टेकल्याचा आवाज ऐकला. ते जवळ आले. खाली बसले. माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि वाकून वास घेतला. बायकोनं चोरून घेतला होता. यांनी सरळ घेतला, एकदा, आणि परत एकदा.

‘कव्हापासून?’

‘आत्ताच. पित्त...’

‘पित्त नाय हे,’ ते म्हणाले. ‘असं बसल्यालं म्या पायलंय.’

त्यांनी लेकीला हाक मारली ती अशी की अर्धं गाव गोळा व्हावं. शेजारच्याची जीप निघाली. मला मधे बसवलं, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मामा. कन्नड मागे पडलं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी आतून किंचाळत होतो आणि वरून दात आवळत होतो. मग माझ्या पाठीवर हात आला. मणक्याच्या डाव्या अंगाला, बरगडी संपते तिथं, तळव्याचा घट्ट दाब.

‘इथं निगतंय ना?’

बरोबर तिथंच. ही जागा मी कधी डॉक्टरांनाही नीट दाखवू शकलो नव्हतो. बायकोला माहीत नव्हती. ‘वाक,’ मामा म्हणाले. ‘आजून वाक.’ मला ते कधीच अरे-तुरे करत नाहीत. ही जागा त्यांना कुणाच्या पाठीवर सापडली होती ते माझ्या लक्षात आलं, आणि मी इतका घाबरलो की क्षणभर दुखणं मागे पडलं. म्हणजे मी आता त्यांच्या लेखी तोच होतो.

‘आदी झालंय का ह्ये?’ त्यांनी माझ्या डोक्यावरून लेकीला विचारलं.

ती म्हणाली, ‘सहा वर्षं झाली, आबा. जेवल्यावर चार तासांनी सुरू होतं.’

‘आन् पित्त सांगत व्हता?’

वेरूळच्या वळणांवर त्यांनी एकच शब्द विचारला, ‘काऊन?’ आणि ती रडायला लागली. ‘तुम्ही काय समजाल म्हणून,’ ती म्हणाली. ‘दादासारखं समजाल म्हणून. आबा, ह्यांनी कधी नाही हो घेतली.’ मामा खिडकीबाहेर बघत राहिले. दौलताबादच्या वेशीत गाड्या अडकल्या, तिथे वीस मिनिटं आम्ही उभे. हॉर्न, उन्हाची तिरीप, डिझेलचा वास. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात मात्र पाठीवरून काढला नाही.

दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. पोट दाबून बघितलं, मी ओरडलो. बायकोनं साड्यांखालून फाईल काढली, तिची पानं खाली सांडली, ती गोळा करत बसली. डॉक्टरनं पेन काढला.

‘दारू किती घेता?’

सहा वर्षं मी या प्रश्नाला ठणकावून उत्तर दिलंय. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुखण्यामुळे नाही. माझ्या उशाशी जो माणूस उभा होता त्यानं ‘नाय घेतली’ इतक्या वेळा ऐकलं होतं की तेच शब्द त्याच्यापुढे पुन्हा काढायची मला लाज वाटली. मी गप्प राहिलो. आणि गप्प राहणं म्हणजे काय समजतात ते मला कळत होतं. बायको कागद हातात धरून तशीच खाली बसलेली, तिनं आबांकडे बघितलं.

डॉक्टरनंही त्यांच्याकडे बघितलं. ‘बाबा, तुम्ही सांगा. घेतात का हे?’

मामांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

‘डाक्टरसायेब,’ ते म्हणाले, ‘माह्या पोराच्या येळी असंच इचारलं व्हतं. त्याच्या तोंडाला वास येत व्हता. तरी म्या म्हनलो, नाय घेत. चार लोकं उभे व्हते, लाजंपायी खोटं बोललो. पोरगं गेलं.’ मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, ‘ह्यांच्या तोंडाचा वास म्या आज दोनदा घेतला. ह्यांनी नाय घेतली. पर माह्यावर इश्वास ठिऊ नका. रगत तपासा. आन् लिवायचंच आसंल तर तूप लिवा. चार धोंड्यांवर तूप म्या वाढलं, माह्या हातानं.’

डॉक्टरचा पेन हवेतच राहिला होता. मी उशीत तोंड घातलं. मी रडलो, आणि सरळ सांगतो, दुखतंय म्हणून नाही रडलो.

पाच दिवस सलाईनवर होतो. पहिले तीन दिवस तोंडानं पाण्याचा थेंब नाही. इंजेक्शननं दुखणं बोथट व्हायचं, उतरलं की परत धार लागायची. मामा गावी गेले नाहीत. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून राहायचे, नर्स हाकलायची, ते जिन्यात जाऊन बसायचे आणि ती वळली की परत यायचे. चौथ्या दिवशी माझ्या खाटेशी आले. परत ‘तुमी’वर आले होते.

‘म्या वाढलं, ठीक हाय. तुमी खाल्लं काऊन?’

मी म्हणालो, ‘मी बस म्हणालो तेव्हा तुमचा हात थांबला, मामा.’

ते आपल्या हाताकडे बघत राहिले. ‘थांबला व्हता व्हय,’ एवढंच म्हणाले.

घरी जाताना केसपेपर मिळाला. रक्तात दारू सापडली नाही असं लिहिलं होतं. जेवणात भरपूर तूप, हेही होतं. आणि त्याच्या वरच्या ओळीत, पेशंट दारू घेत असल्याचं नाकारतो. मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, तू नाकारलंसच कुठं, गप्प तर बसला होतास. सहा वर्षांत त्या वाक्यावर आम्ही पहिल्यांदा हसलो. दुखत असतानाच हसलो.

मामा तुपाबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. फोनवर म्हशीचा आकडाही सांगेनासे झाले. मला वाटलं, दुखावले. फसवलंच होतं आम्ही त्यांना, घासलेल्या बरण्या पाठवून. बायको म्हणायची, थोडे दिवस जाऊ दे. महिना गेला, दुसरा गेला. मध्ये एक छोटा झटका येऊन गेला, तो आम्ही घरीच काढला आणि या वेळी तिनं आबांना फोन करून सांगितलं. पलीकडून नुसतं ‘बरं’ आलं.

मग एका सकाळी नऊच्या सुमाराला मी केंद्रात नमुने लावत होतो आणि रांगेत कॅनवाल्यांच्या मागे मामा उभे. हातात स्टीलची बंद बरणी. आधी न सांगता, पहाटेच्या गाडीनं आलेले. मी उठायला लागलो तर हातानंच बसा म्हणाले आणि आपली पाळी येईपर्यंत रांगेतच उभे राहिले. मग बरणी पुढे केली.

‘लावा हे मशीनला.’

दूध होतं, तापवून गार केलेलं. निळसर पातळ. मी नमुना लावला. रांगेतले लोक मान पुढे काढून बघत होते, कारण मामांनी येता येता त्यांना आपल्या म्हशीचं सांगितलं असणार. आकडा आला, एक पॉइंट चार. मागचा एक जण खुदकन हसला.

मामांनी आकड्याकडे डोळे बारीक करून बघितलं. ‘आजून हाय की,’ ते म्हणाले. ‘तीनदा साय काढली. रातभर थंड पाण्यात ठिवलं, परत काढली. किती खाली आलं म्हंजी तुमाला चालतं?’

जन्मभर ज्या माणसानं आठच्या आकड्यावर मिशी पिळली, तो माझ्या मशीनपुढे उभा राहून तो आकडा खाली येईना म्हणून चिंता करत होता. मी म्हणालो, ‘चालतं एवढं, मामा. कपभर चालतं.’ त्यांना ते खोटं वाटू नये म्हणून मी कप आणला, त्यांच्यासमोर भरला, एक कॅप्सूल उघडपणे तोंडात टाकली आणि दूध प्यायलो. सहा वर्षांनी दूध. पाणचट होतं. फार चांगलं लागलं.

‘बसा,’ मी म्हणालो, ‘दहाला रिक्षा करून देतो, अकराची कन्नडची गाडी मिळेल.’

‘बसतो जरा,’ ते म्हणाले आणि भिंतीशी बाकावर बसले.

दहा वाजले. मी रिक्षाचं विचारलं. ‘जाऊ मंग,’ म्हणाले. अकरा वाजले. मी म्हणालो, ‘चला घरी, जेवून जा, ती वाट बघेल.’ म्हणाले, ‘तुमी काम करा.’ रांग संपली, कॅन धुतले गेले, ते बसूनच. टोपी मांडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मधेच माझ्याकडे बघायचे, नेमकं पोटाकडे. मला वाटलं, थकलेत, की घरच्या काही गोष्टी बोलायच्या आहेत. साडेबाराला मी चिडून म्हणालो, ‘मामा, गाडी चुकली की तुमची.’ त्यांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

बरोबर एक वाजता ते उठले. माझ्याजवळ येऊन उभे राहिले, पाठीवर त्याच जागी तळवा ठेवला आणि नुसता ठेवून बघितला, दाबला नाही.

‘काय नाय ना?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘मंग येतो,’ म्हणाले आणि रिकामी बरणी घेऊन गाडीला गेले.